सैनिकाचे यकृत काय सांगते?

१५ जानेवारी २०२५ रोजी सैन्यदिनाचे संचलन पुण्यात झाले. हे संचलन दिल्लीबाहेर नेण्याचा प्रघात २०२३ मध्ये बंगळुरूपासून सुरू झाला. पुढच्या वर्षी लखनौ आणि त्यानंतर पुणे. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर एका तालात पडणारी पावले पाहताना पुणेकर कुटुंबांच्या मनात जी भावना दाटून आली असेल, ती शब्दांत सांगण्याची आवश्यकता नाही. रुंद छाती, ताठ मान, सपाट पोट हे सैनिकाचे चित्र भारतीय समाजाच्या मनात कोरले गेले आहे आणि ते सार्थही आहे. परंतु या चित्रामुळेच एक प्रश्न विचारायचा राहून जातो. सैनिकाला इजा होते ती गोळीने, हिमदंशाने वा अपघाताने, अशी समजूत रुजलेली आहे. मधुमेह, रक्तदाब, यकृतावर साठणारी चरबी हे दुकानाच्या गल्ल्यावर किंवा कचेरीच्या खुर्चीत बसणाऱ्यांचे रोग, असे सरसकट गृहीत धरले जाते. गणवेशातील मनुष्य याच समाजातून, याच घरांतून, याच रक्तामांसाचा गेलेला असतो, याचा मात्र विसर पडतो.

या गृहीतकाला पहिला मोठा धक्का बसला त्याला सत्तर वर्षे उलटून गेली. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदये लष्करी डॉक्टरांनी शवविच्छेदनात तपासली आणि १९५३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या तरुणांचे सरासरी वय होते अवघे २२ वर्षे. त्यांच्यापैकी ७७ टक्क्यांहून अधिक जणांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा उघड्या डोळ्यांनी दिसत होत्या. हे सारे भरतीच्या चाळणीतून गेलेले, रणांगणावर लढलेले जवान होते. एकालाही कधी छातीत कळ आल्याची नोंद नव्हती की काय, हा प्रश्न गौण आहे. ते लढत होते, एवढे पुरेसे आहे. पुढे इराक आणि अफगाणिस्तानातील मोहिमांत मृत्यू पावलेल्या ३,८३२ अमेरिकी सैनिकांची अशीच पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा हे प्रमाण साडेआठ टक्क्यांवर आलेले होते. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती सारख्या नव्हत्या आणि घसरणीची कारणेही अनेक सांगितली जातात. धूम्रपानात झालेली घट हे त्यांतील एक प्रमुख कारण. म्हणजे हा रोग सैनिकालाही गाठतो, आणि मनात आणले तर त्याला मागेही रेटता येते, या दोन्ही गोष्टी सैनिकांच्याच देहांनी जगाला शिकवल्या.

आता प्रश्न असा की, मृत्यूनंतर जे दिसले ते जिवंतपणी, आणि तेही वेळेवर, कसे दिसावे? त्याचे एक स्वस्त आणि सहज हाती येणारे उत्तर रक्ततपासणीच्या नेहमीच्या कागदावरच छापलेले असते. बहुतेक जण त्या ओळीकडे दुर्लक्ष करतात. ती ओळ म्हणजे एस.जी.पी.टी.

यकृत हे सुमारे दीड किलो वजनाचे इंद्रिय शरीराचा कोठार-अधिकारी आहे. जेवणातून आलेली साखर साठवणे, गरजेप्रमाणे ती रक्तात सोडणे, चरबीची बांधणी आणि वाटणी करणे ही सारी कामे त्याच्याकडे. यकृताच्या पेशींत काही विकरे, म्हणजे एन्झाइम, कार्यरत असतात. पेशींना इजा झाली की ही विकरे रक्तात झिरपतात आणि तपासणीत त्यांचा आकडा वाढलेला दिसतो. एस.जी.पी.टी., एस.जी.ओ.टी. आणि जी.जी.टी. ही त्यांतील तीन परिचित नावे. गमतीची गोष्ट अशी की, १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एस.जी.ओ.टी. रक्तात वाढलेले प्रथम दाखवले ते हृदयविकाराच्या झटक्यात. यकृताच्या तपासणीत त्याला स्थान त्यानंतर मिळाले. हृदय आणि यकृत यांचे नाते प्रयोगशाळेत असे प्रारंभापासूनच जुळलेले आहे.

पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात. यकृत ती सामावून घेता घेता स्वतःच मेदाने भरते. असे भरलेले यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते. नको असताना साखर रक्तात सोडते आणि ट्रायग्लिसराइड या चरबीचा पुरवठा वाढवते. मग रक्तातील साखर चढते, रक्तदाब चढतो, हितकर कोलेस्टेरॉल उतरते. हे सारे एका माणसात एकत्र का आढळते, याची मांडणी अमेरिकी वैद्य जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये केली आणि त्याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटले. आज त्यालाच चयापचयाचा विकारसमूह, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणतात. त्याचे निकष पाच आहेत. भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर वा अधिक, स्त्रीचा ८०. ट्रायग्लिसराइड १५० वा अधिक. हितकर कोलेस्टेरॉल पुरुषात ४० हून आणि स्त्रीत ५० हून कमी. रक्तदाब १३०/८५ वा अधिक. उपाशीपोटी साखर १०० वा अधिक. पाचांपैकी तीन जुळले की तो माणूस या विकारसमूहात आला. एस.जी.पी.टी. या पाचांत नाही. परंतु ज्यांचे एस.जी.पी.टी. चढते राहते, त्यांना पुढे हा विकारसमूह आणि मधुमेह जडण्याचा धोका अधिक असतो, हे अनेक देशांतील दीर्घकालीन पाहण्यांतून दिसून आले आहे. आग लागण्यापूर्वी येणारा करपट वास असावा, तसा हा आकडा.

त्यातही एक मेख आहे. अनेक प्रयोगशाळा एस.जी.पी.टी.ची मर्यादा ४० किंवा त्याहून वर छापतात. ही मर्यादा ज्या ‘निरोगी’ लोकांवरून ठरली, त्यांतील कित्येकांच्या यकृतावर चरबी होती. २००२ मध्ये इटलीतील संशोधकांनी स्थूल आणि यकृतरोगाची शंका असलेली माणसे वगळून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा मर्यादा पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ इतकी खाली आली. म्हणजे ३८ हा आकडा पाहून ‘नॉर्मल आहे’ असे म्हणत कागद कपाटात ठेवणारा चाळिशीचा हवालदार आणि त्याला तसे सांगणारा वैद्य हे दोघेही कदाचित चुकत असतात.

आपला जवान तर सडपातळ असतो, मग त्याला ही चिंता कशाला, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुण्याच्याच एका वैद्यकाने जगाला दिलेले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला कृश आणि आतून मेदस्वी, हा भारतीय देहाचा विशेष त्या एका चित्राने सिद्ध झाला. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाच विशेष नवजात बालकांतही आढळला. आज गणवेश घातलेला मराठी तरुण अशाच गावांतून येतो. वजनकाट्यावर तो खरा उतरतो, पाच किलोमीटर शस्त्रासह धावतो. परंतु त्याच्या यकृताचा काटा वेगळा असतो.

आयुर्वेदाला ही दोन रूपे अपरिचित नव्हती. प्रमेहाचे रुग्ण सांगताना सुश्रुताने कृश आणि स्थूल असे दोन वर्ग केले आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाचे आठ दोष सांगताना आयुष्य घटण्याच्या पाठोपाठ नाव येते ते हालचालीचा वेग खुंटण्याचे. वेग खुंटलेला सैनिक ही कल्पना कोणत्याही सेनापतीला परवडणारी नाही. अर्थात प्राचीनांनी सारे सांगून ठेवले आहे, असे म्हणून स्वस्थ बसण्याचा हा विषय नव्हे. तपासणी आजची आहे आणि ती आजच करायची आहे.

सैनिकाचे जीवन या विकाराला वाट कशी करून देते, हे बारकाईने पाहिले पाहिजे. सेवेचा काळ सलग एकसारखा नसतो. दोन-तीन वर्षे सीमेवर किंवा अतिउंच प्रदेशात, त्यानंतर पीस पोस्टिंग, पुन्हा सीमा, असे चक्र असते. १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीनवर पाय रोवले गेल्यापासून हजारो जवान त्या हिमनदीवर राहून आले. तेथे भूक मरते, वजन उतरते, शरीर स्वतःचेच स्नायू जाळते. खाली आल्यावर माणूस भरून काढण्यासाठी खातो आणि भरून येते ते स्नायूऐवजी पोट. डोंगर चढणाऱ्याला लागणारे तूप, तेल आणि साखर छावणीतील कारकुनी कामावरही पोटात जात राहतात. लंगरातील पुऱ्या, कँटीनमधील समोसा, महिन्यातून येणारा बडाखाना, रात्रीचा पहारा आणि तुटक झोप यांत सकाळची पी.टी. एकटी काय करणार? पस्तिशीनंतर बढतीबरोबर काम मैदानावरून टेबलाकडे सरकते. शरीराला मात्र आपण अजून पंचविशीत आहोत, असेच वाटत असते. निदान भुकेला तरी तसे वाटते. सैनिकांतील चयापचयाच्या विकारांवर लष्करी डॉक्टरांनीच लिहिलेले निबंध पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून निघणाऱ्या नियतकालिकात गेल्या दोन दशकांत प्रसिद्ध झाले आहेत. म्हणजे ही बाहेरच्या कोणा टीकाकाराने काढलेली कुरापत नव्हे. सैन्याच्या वैद्यकांनाच ही गोष्ट दिसत आहे.

आणि मद्य. या विषयावर बोलताना अनेकांचा आवाज खाली येतो. कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट १९४८ मध्ये स्थापन झाले, त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. सैनिकाच्या कुटुंबाला रास्त दरात वस्तू मिळाव्यात, हा त्याचा हेतू स्तुत्य आहे. त्याच खिडकीतून स्वस्त मद्यही मिळते. बर्फातील चौकीवर मिळणारा रमचा घोट ही एक गोष्ट. साताऱ्याच्या वा सांगलीच्या घरी, सीलिंग फॅनखाली, रोज संध्याकाळी उघडणारी बाटली ही दुसरी. आणि दोष एकट्या फौजीचा तरी कसा म्हणावा? ‘कँटीनची एखादी मिळेल का’, असे विचारत त्याच्या दारी जाणारे आप्तेष्ट, शेजारी आणि गावातील मानकरी याच समाजातील असतात. मेदाने भरलेल्या यकृतावर मद्य ओतणे म्हणजे दोन रोगांना एका अंगणात आणून बसवणे. एस.जी.ओ.टी. हे एस.जी.पी.टी.च्या दुपटीहून वर गेले किंवा जी.जी.टी. बरेच चढले, तर वैद्याला मद्याचा संशय येतो, तो उगीच नव्हे.

आकड्यांचा अर्थ लावताना सैनिकाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी लागते. ही विकरे केवळ यकृतात नसतात, स्नायूंतही असतात. कठोर व्यायामानंतर ती कित्येक दिवस वाढलेली राहू शकतात. पूर्ण सामानासह धावलेल्या जवानाचे रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी काढले, तर थकलेल्या पोटऱ्यांचा दोष यकृताच्या माथी जाईल. म्हणून आठवडाभर कठोर श्रम टाळून पुन्हा तपासणी करणे, स्नायूंचे सी.पी.के. हे विकर सोबत पाहणे, काविळीचे विषाणू आणि चालू औषधे यांची चौकशी करणे आवश्यक ठरते. उलट बाजूने, एस.जी.पी.टी. चढलेले नसूनही यकृतात चरबी असू शकते. त्यामुळे तो आकडा एकट्याने न्याय देत नाही. पोटाचा घेर, साखर आणि ट्रायग्लिसराइड यांच्या पंगतीत बसवल्यावरच तो बोलतो. वय, दोन विकरे आणि रक्तातील प्लेटलेट्स यांवरून यकृत कडक होऊ लागले आहे का, याचा अंदाज देणारे ‘फिब-४’ नावाचे गणितही आहे. त्याला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही, मोबाइलवर ते होते.

हे सारे ज्ञान उपलब्ध असताना अडते कोठे? अडते ते भीतीपाशी. सैन्यात वैद्यकीय दर्जा ‘शेप’ या पाच अक्षरांत मोजतात: मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी. पाचही ठीक असतील तर ‘शेप-वन’. कोठे उणे पडले की माणूस ‘कॅटेगरीत गेला’. या एका वाक्याचा धाक सैनिकाच्या घरात किती असतो, हे बाहेरच्याला कळणार नाही. बढती, पुढील नेमणूक, सेवेची मुदत, परदेशी मोहिमेची संधी अशा अनेक गोष्टींवर त्याची छाया पडते. साहजिकच तपासणीच्या आधी दोन आठवडे बाटली बंद, भात बंद, संध्याकाळी एरंडाची फेरी; आणि तपासणी आटोपली की त्याच रात्री जंगी मेजवानी. विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री जागतो, त्यातलाच हा प्रकार. आकडा एका सकाळपुरता सुधारतो, यकृत जेथल्या तेथे राहते. ज्याने आपला आजार अधिकाऱ्यापासून लपवला, तो पुढे स्वतःपासूनही लपवू लागतो.

जानेवारी २०२४ मध्ये लष्कराच्या नव्या शारीरिक क्षमता धोरणाची वृत्ते प्रसिद्ध झाली. चाचण्यांत भर, प्रत्येकाच्या क्षमतेचे स्वतंत्र कार्ड, निकष न गाठणाऱ्यास सुधारण्यासाठी ३० दिवस आणि तरीही न सुधारल्यास रजेवर गदा, असे त्याचे स्वरूप सांगितले गेले. शिस्तीच्या दृष्टीने या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. पोट सुटलेल्या अधिकाऱ्याने जवानाला धावायला सांगावे, हे दृश्य कोणत्याही पलटणीला शोभत नाही. तथापि, दोरावर चढण्याची क्षमता महिन्याभरात सुधारेलही, यकृतातील मेद असा हुकमाने हलत नाही. वजन सुमारे सात ते दहा टक्के उतरावे लागते, तेव्हा यकृताची सूज ओसरू लागते. आणि ते वजन उपासाने नव्हे, तर अनेक महिन्यांच्या संथ शिस्तीने उतरवावे लागते. घाईने घटवलेले वजन स्नायू घेऊन जाते आणि परतताना चरबी घेऊन येते. म्हणून रक्ताच्या आकड्यांसाठी वेगळी वाट हवी. एस.जी.पी.टी. आणि पोटाचा घेर यांची नोंद दरवर्षी ओळीने ठेवावी. आकडा काय आहे यापेक्षा तो कोणत्या दिशेने चालला आहे, हे पलटणीच्या डॉक्टराने पाहावे. चढता आकडा दिसला की सहा महिने ते वर्षभराची मुदत असावी आणि त्या काळात दर्जा खाली न आणता उपचार व्हावेत. जो स्वतःहून पुढे येतो त्याला लपवणाऱ्यापेक्षा अधिक तोटा होऊ नये, इतकी एक हमी मिळाली तरी निम्मे काम होईल.

या नोंदींचा आणखी एक उपयोग आहे आणि तो न्यायाचा आहे. निवृत्त सैनिकांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचा वाद गेली काही वर्षे न्यायालयांत गाजत आहे. भरतीच्या वेळी ज्याची नोंद नाही असा आजार पुढे उद्भवला, तर तो सेवेमुळे झाला असे मानावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार शासनावर असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. सप्टेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने या संबंधीचे नवे नियम आणले आणि माजी सैनिकांत अस्वस्थता पसरली. रक्तदाब आणि मधुमेह हे जीवनशैलीचे आजार, त्यांचा भार तिजोरीवर का, अशी शासकीय बाजू. अकाली उठणे, अर्धवट झोप, कुटुंबाचा विरह आणि सततचा ताण ही जीवनशैली सैनिकाने स्वतः निवडली का, असा सैनिकांचा सवाल. शांत ठाण्यावर असताना आजार झाला, एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, हे मान्य करूनही एक गोष्ट म्हणावी लागते. भरती झाल्यापासून घेर, साखर आणि विकरे यांचा वर्षवार तक्ता उपलब्ध असेल, तर आजार केव्हा आणि कोणत्या नेमणुकीत सुरू झाला, हे वकिलाच्या वक्तृत्वावर अवलंबून राहणार नाही. चाळिशीतील सुभेदाराला वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणे, ही त्या सेवेची शोभा नव्हे.

आहाराच्या बाबतीत मात्र एक पाऊल योग्य दिशेने पडले आहे. भरडधान्य वर्षात, मार्च २०२३ मध्ये, लष्कराने जवानांच्या शिध्यात बाजरी, ज्वारी आणि नाचणीचे पीठ आणण्याचा निर्णय जाहीर केला. अर्धशतकापूर्वी गव्हाच्या पिठासाठी ही देशी धान्ये शिध्यातून वगळली गेली होती. तांदूळ आणि गहू यांच्या ठरलेल्या प्रमाणापैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत ही धान्ये देण्याचे ठरले. घोड्यावर बसून ज्वारीचे कणीस हातावर चोळून खाणाऱ्या पहिल्या बाजीरावाचे चित्र पाहून दिल्लीचा बादशहा चपापला, अशी आख्यायिका महाराष्ट्रात सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या कणसात तेल आणि साखर नव्हती, हे निश्चित. भाकरीचे गुण भाकरीत असतात. तिच्यावर लोण्याचा डोंगर आणि शेजारी जिलेबीचा ढीग ठेवला, तर नाचणीला दोष देऊ नये. लंगराचा आचारी हा यापुढे पलटणीच्या डॉक्टराइतकाच महत्त्वाचा माणूस ठरणार आहे. त्याला कमी तेलात चविष्ट स्वयंपाक शिकवणे हे कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त पडेल. यकृताच्या या आजारावर अमेरिकेत २०२४ आणि २०२५ मध्ये दोन औषधांना मान्यता मिळाली; परंतु ती आजार पुढे गेलेल्यांसाठी आहेत. ज्याचे यकृत नुकतेच तक्रार करू लागले आहे, त्याचे औषध त्याच्या ताटात आणि बुटांत आहे.

उरतो तो घरचा आणि गावचा वाटा. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. पश्चिम महाराष्ट्रात प्रत्येक पिढीत गणवेश घालणारी घरे गावोगाव आहेत. रजेवर आलेल्या मुलाला आई खाऊ घालते, त्यात तिचे चुकत नाही. परंतु महिनाभर रोज पुरणपोळी, मटण, पाहुण्यांच्या घरची जेवणे आणि दुपारची झोप एवढ्यावर रजा संपते, तेव्हा तो चार किलो वाढवून परततो. सैन्य सोडल्यानंतर तर सकाळची पी.टी. जाते, भूक तशीच राहते. चाळिशीच्या आसपास निवृत्त झालेला जवान पुण्या-मुंबईत एखाद्या बँकेच्या वा सोसायटीच्या दारावर रात्रपाळीचा पहारेकरी होतो. रात्री चहा आणि बिस्किटे, दिवसा तुटक झोप. यकृताच्या दृष्टीने याहून वाईट नोकरी शोधावी लागेल. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना आहे, तिची दवाखान्यांची साखळी आहे. परंतु तेथे जाणारे बहुतेक जण आजार उघड झाल्यावर जातात. पहिली चाहूल लागली म्हणून कोणी जात नाही. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. गावपातळीवरील आरोग्य कर्मचाऱ्याने पोटाचा घेर मोजावा, हे त्यात अपेक्षित आहे.

गावोगाव आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना येथे हाताशी काम आहे. या शिबिरांत रक्तदाब पाहतात, बोटातून थेंब काढून साखर पाहतात, चष्मे वाटतात. शिंप्याची मोजपट्टी मात्र क्वचितच दिसते. माजी सैनिकांसाठी येत्या हिवाळ्यात शिबिर ठेवायचे असेल, तर ती पट्टी टेबलावर असावी. येणाऱ्याला घरातील जुने रक्ततपासणीचे कागद सोबत आणायला आधीच सांगावे. बहुतेक फौजी ते जपून ठेवतात, पत्र्याच्या पेटीत, डिस्चार्ज बुकाच्या खाली. ते कागद तारखेप्रमाणे लावावेत, एस.जी.पी.टी.च्या ओळीवर बोट ठेवून आकडे एका खाली एक लिहावेत. ज्याचा घेर ९० च्या वर आणि आकडे चढते, त्याचे नाव स्थानिक वैद्याकडे द्यावे आणि तीन महिन्यांनी त्याच्या घरी पुन्हा जावे. जाताना वहिनींनाही समोर बसवावे, कारण घरातील तेलाचा डबा त्यांच्या ताब्यात असतो. आणि त्यांच्याही पोटाचा घेर मोजायचा राहून गेलेला असतो.